धूळ खात पडलेली आर्मी गाडी किंवा जुनं हेल्मेट सापडलं? आधी हात खिशात ठेवा!

कुणाच्या तरी बंद शेडमध्ये, ताडपत्रीखाली, मोडक्या खुर्च्यांच्या मागे काहीतरी हिरवट दिसलंय, पुढे दोन गोल दिवे, मध्ये उभ्या फटींची जाळी, आणि तुमच्या छातीत धडधड सुरू. किंवा ट्रंकेच्या तळाशी फडक्यात गुंडाळलेलं जड लोखंडी हेल्मेट हाताला लागलंय. कलेक्टर लोक याच क्षणासाठी जगतात, त्यात काही चूक नाही, पण गंमत अशी की वस्तूची सगळ्यात जास्त वाट लागते ती याच पहिल्या दुपारी. कुणी वायर ब्रश घेऊन बसतं, कुणी मेडल ब्रासो लावून चकाचक करतं, कुणी बॅटरी जोडून सरळ स्टार्टर मारतं, आणि जे सत्तर-ऐंशी वर्षं टिकलं ते तासाभरात संपतं.

म्हणून पहिला नियम, उत्साह बघण्यात घालवा, पुसण्यात नको. त्या धुळीत, मळात, रंगाच्या पापुद्र्यांत पुरावा असतो, आणि तुमच्याकडची वस्तू नक्की काय आहे हे तोच सांगतो, विकणारा नाही.

पटत नसेल तर फ्रान्समधलं बायों कलेक्शन आठवा. साठच्या आसपास गाड्या शेड-गोठ्यांत वर्षानुवर्षं सडत होत्या, त्यात एक फेरारी कॅलिफोर्निया स्पायडर चक्क जुन्या मासिकांच्या ढिगाखाली दबलेली. फेब्रुवारी 2015 मध्ये पॅरिसला लिलाव झाला तेव्हा गाड्या धुवूनपुसून आणल्या नाहीत, धुळीसकट मांडल्या, आणि लोकांनी तशाच उड्या मारून घेतल्या. 2009 साली इटली-स्वित्झर्लंडच्या सीमेवरच्या मॅजोरे तलावातून वर काढलेली बुगाटी पण अर्धी गंजून गेलेली होती, तरी म्युझियममध्ये ती तशीच ठेवली होती, रिस्टोअर न करता. अर्थात तुमची जीप म्हणजे फेरारी नाही, पण तत्त्व तेच.

आधी फोटो, मग बाकी सगळं

वस्तू हलवायच्या आधी फोटो काढा. लांबून, जवळून, खालून, आतून, आजूबाजूला काय पडलंय त्याचे सुद्धा, कारण कोपऱ्यातला गंजका डबा म्हणजे गाडीचाच एअर क्लीनर असू शकतो आणि भिंतीला टेकवलेला पत्रा म्हणजे तिचंच बॉनेट. जुन्या गाडीतून निघालेली प्रत्येक गोष्ट, सीटखालचा बिल्ला, टूलकिटमधला पाना, कागदाचा चिटोरा, सगळं पिशवीत घालून वर लिहून ठेवा की कुठे सापडलं. नंतर "हा बोल्ट कुठला बरं" असं डोकं खाजवत बसायची वेळ येत नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलणार असाल तर रेकॉर्डिंग चालू ठेवा, परवानगी घेऊन, कारण दुसऱ्यांदा सांगताना गोष्ट बदलते हे नक्की.

जीव महत्त्वाचा, मजाक नाही

काडतूस, ग्रेनेड, शेल, फ्यूज असलं काही दिसलं तर हात लावायचा नाही, उचलून "रिकामं आहे का" बघायचं नाही, हलवून तर अजिबातच नाही. बाहेर या, दुसऱ्यांनाही लांब ठेवा, पोलिसांना फोन करा. स्फोटकं जुनी झाली की मवाळ होतात हा गैरसमज आहे, कित्येक उलट जास्त नाजूक होतात. ब्रिटनमध्ये 2017 साली एका टँक कलेक्टरने विकत घेतलेल्या टी-54 जातीच्या रणगाड्यात मशीनगनच्या गोळ्या सापडल्या, म्हणून पुढचं सगळं व्हिडिओ शूटिंग करत करत डिझेलची टाकी उघडली, बंदुका निघाल्या तर बॉम्बवाल्या टीमला दाखवता यावं म्हणून, आणि निघाल्या सोन्याच्या विटा! बातमीत लोकांना सोनंच लक्षात राहिलं, पण शिकायचं ते व्हिडिओ काढण्याचं.

दुसरी भीती दिसत नाही. जुन्या डायल, होकायंत्रं, विमानाची मीटरं यांच्या आकड्यांवर रेडियमचा रंग असायचा. आता अंधारात चमकत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात, पण विझतो तो त्यातला चमकणारा पदार्थ, रेडियम तसंच असतं, त्याचं अर्धायुष्य सुमारे 1600 वर्षं आहे. काच फुटलेली असेल तर उघडू नका, खरवडू नका, फुंकर तर मारूच नका. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये आणि गॅस्केटमध्ये ॲसबेस्टॉस असतं, तेव्हा ड्रम उघडून कॉम्प्रेसरची हवा मारायची सवय सोडा. जुने गॅस मास्क तोंडाला लावून सेल्फी काढणाऱ्यांना हात जोडून सांगणं आहे, दुसऱ्या महायुद्धातल्या कित्येक मास्कच्या फिल्टरमध्ये पण ॲसबेस्टॉस आहे. उंदरांच्या लेंड्या असतील तर मास्क-ग्लोव्हज घालून, ओलं करून पुसा, झाडू मारू नका.

आणि हे आर्मी गाड्यांचं खास: युद्धकाळातल्या जीपला बऱ्याचदा दोन तुकड्यांची रिम असते, नटबोल्टने जोडलेली. टायरमध्ये हवा असताना ते नट सोडले तर रिमचा अर्धा भाग तोंडावर येतो. आधी वॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण सोडा, पिन काढल्यावर पण तार घालून बघा की वॉल्व्ह तुंबलेला नाही ना, मगच पाना लावा. आणि कुठले नट चाक हबला धरतात आणि कुठले रिम जोडतात हे माहीत नसेल तर हातच लावू नका.

जीप खरी की नंतरची?

"महायुद्धातली जीप आहे" असं सांगून विकायला येणाऱ्या बऱ्याच गाड्या युद्धानंतरच्या सिव्हिलियन असतात, हिरवा रंग आणि पांढरा तारा मारला की झाली. ओळखायला अवघड नाही. जाळीच्या फटी मोजा. युद्धातल्या विलीज एमबी आणि फोर्ड जीपीडब्ल्यूला नऊ, नंतरच्या सीजे (म्हणजे सिव्हिलियन जीप) गाड्यांना सात. अगदी सुरुवातीच्या विलीजना पत्र्याऐवजी लोखंडी पट्ट्यांची वेल्ड केलेली जाळी होती, ती दिसली तर मात्र खुर्चीत बसून घ्या. पेट्रोल कुठून भरतात बघा, युद्धातल्या जीपला झाकण ड्रायव्हरच्या सीटखाली असतं, सीजेला बाहेर बाजूला. मागे उघडणारं फळकं असेल तर ती सीजे. युद्धातल्या जीपचे हेडलाइट बिजागरीवर असतात, उलटे फिरवून इंजिनावर उजेड पाडता येतो, रात्री बिघाड झाला तर. ही बिजागरी बघायला मला अजूनही मजा येते, कुणीतरी अंधारात खरंच पाना फिरवून वैतागल्यावरच असं सुचू शकतं.

मग विलीज की फोर्ड. खाली वाका आणि रेडिएटरसमोरचा चेसिसचा आडवा दांडा बघा. गोल पाइप असेल तर विलीज, चौकोनी पालथ्या यू-आकाराचा असेल तर फोर्ड. विलीजचा नंबर पुढच्या बंपरमागे डाव्या चेसिसच्या आतल्या बाजूला रिव्हेट केलेल्या पट्टीवर असतो, फोर्डचा थेट डाव्या चेसिसच्या वरच्या अंगावर ठोकलेला. पट्टी बदलता येते हे लक्षात ठेवा, नव्या पट्ट्या सर्रास मिळतात. फोर्डने तर बोल्टच्या डोक्यापासून ब्रॅकेटपर्यंत जिथे जमेल तिथे आपला तो वळणदार एफ ठोकलाय, टॉर्च घेऊन एफ शोधत बसायचा नाद एकदा लागला की सुटत नाही.

आता इथे लोक एक चूक करतात, सिव्हिलियन क्लासिक गाड्यांसारखं "मॅचिंग नंबर" (इंजिन, चेसिस सगळे मूळचेच) पाहिजेच म्हणून हटून बसतात. आर्मीत गाडी बिघडली की वर्कशॉपमध्ये हाताला लागेल ते इंजिन बसायचं, विलीजच्या चेसिसवर फोर्डची बॉडी, कुठलाही गिअरबॉक्स, कारण दोघांचे पार्ट एकमेकांना बसतात, तसंच ठरलेलं होतं. दोन्ही कंपन्यांनी मिळून सहा लाखांच्या वर गाड्या काढल्या, त्यातली एकही कलेक्टरसाठी काढली नव्हती. तेव्हा खिचडी निघाली तर नाक मुरडू नका, ती तिची खरी सर्व्हिस आहे. खिचडी लपवून "सगळं ओरिजिनल" म्हणणारा मात्र संशयित. पत्रा फारच गुळगुळीत आणि सरळ असेल तर पूर्ण बॉडीच नवीन असू शकते, फिलिपीन्समध्ये हुबेहूब नव्या बॉड्या बनतात, चांगल्या असतात, फक्त जुन्या म्हणून गळ्यात मारायला नकोत.

रंग. हा माझा आवडता भाग, इथे घाई केली तर मला खरंच राग येतो. बॉनेटच्या बाजूला आणि बंपरवर बारीक वॉटर पेपरने, पाणी लावत, तळहाताएवढ्या जागेत हळूहळू एकेक थर उतरवा. वरचा कुणीतरी मारलेला निळा जातो, मग लाल प्रायमर, मग हिरवा, आणि त्याच्याखाली धूसर आकडे दिसायला लागतात. अमेरिकन जीपचा नंबर 20 ने सुरू होतो, शेवटी एस असेल तर रेडिओला खरखर होऊ नये म्हणून इलेक्ट्रिकल सप्रेशन केलेली गाडी. आकडे दिसले की थांबा! फोटो, मापं, अक्षरांची उंची सगळं टिपा. हे एकदा सँडब्लास्ट केलं, म्हणजे वाळूचा मारा करून रंग उडवला, की कायमचं गेलं, आणि गॅरेजवाला तर म्हणणारच की आधी सगळं ब्लास्ट करून घेऊ साहेब.

मोटरसायकलींचं थोडक्यात

हार्ले डब्ल्यूएलए 750 सीसीची. 1942 नंतर बनलेल्या गाड्यांचे पण नंबर 42 नेच सुरू होतात, त्यामुळे नंबरवरून "1942 चंच मॉडेल" असं छातीठोक सांगणाऱ्याला हसून सोडा. त्या काळी हार्लेचा नंबर फ्रेमवर नसायचाच, इंजिनवर असायचा, म्हणून गाडीखाली आरसा धरून क्रँककेसच्या पोटाला दोन्ही अर्ध्यांवरचे बारीक नंबर जुळतात का बघा, न जुळणारे म्हणजे दोन इंजिनांचं एक केलेलं.

साइडकारवाली "जर्मन बीएमडब्ल्यू" बऱ्याचदा रशियन एम72 किंवा तिची चिनी बहीण निघते, वाळूचा रंग आणि क्रॉस मारलेली. एम72 ही बीएमडब्ल्यू आर71 वरूनच उचललेली, त्यामुळे लांबून भल्याभल्यांना कळत नाही. विकणारा आर75 म्हणत असेल तर इंजिन बघा, आर75 ओव्हरहेड वॉल्व्हची, साइडकारच्या चाकाला पण ड्राइव्ह, रिव्हर्स गिअर. साइड वॉल्व्ह इंजिन दिसलं की विषय संपला. तसंच क्युबेलवागनचं, म्हणजे जर्मन सैन्याच्या फोक्सवॅगनचं, कित्येक बीटलच्या फ्लोअरवर उभ्या केलेल्या असतात, खरीला मागच्या चाकांच्या हबमध्ये रिडक्शन गिअर असतात.

हेल्मेट, मेडल, कपडे

अमेरिकन एम1 हेल्मेट हातात घेतलं की आधी कडेची स्टीलची पट्टी जिथे जुळते तो सांधा शोधा. सांधा पुढे म्हणजे साधारण 1944 च्या शरदापर्यंतचं, मागे म्हणजे त्यानंतरचं. मग पट्टा अडकवायच्या कड्या, सुरुवातीला वेल्ड करून घट्ट बसवलेल्या, 1943 पासून हलणाऱ्या. बोट फिरवून रंग बघा, युद्धकाळात कुटलेला बुचाचा भुसा घालायचे, नंतर वाळू, वाळूचा खरखरीतपणा जास्त तीक्ष्ण लागतो. पण मेख अशी की हीच हेल्मेटं कोरिया, व्हिएतनामपर्यंत परत रंगवून, नवे पट्टे लावून वापरली, म्हणजे लोखंडी टोप 1943 चा आणि पट्टा 1960 च्या दशकातला असू शकतो, आणि ते खोटं नाही, फक्त "नॉर्मंडीत उतरलेलं" म्हणून खपवलं की खोटं.

जर्मन हेल्मेटमध्ये फसवणूक डेकलची, म्हणजे बाजूला चिकटवलेल्या चिन्हाची. एम35 ला हवेच्या भोकात वेगळी रिंग बसवलेली, एम40 ला भोक पत्र्यातूनच दाबून काढलेलं, एम42 ची कड आत न वळवता तशीच सोडलेली. तिरंगी ढालीचं डेकल 1940 मध्ये बंद झालं, एम42 आलं 1942 मध्ये, तेव्हा एम42 वर हे तिरंगी डेकल दिसलं तर विकणाऱ्याला नमस्कार करा आणि चहा न घेता निघा. भिंग लावून बघा, जुन्या डेकलला बारीक तडे असतात आणि ओरखडा डेकल-रंग दोन्हीतून सलग जातो. खोट्यात ओरखडा जुना आणि डेकल त्याच्यावरून चिकटवलेलं दिसतं.

पहिल्या महायुद्धातली ब्रिटिश वॉर मेडल आणि व्हिक्टरी मेडल घेतलीत तर कड फिरवून बघा, नंबर, हुद्दा, नाव, युनिट ठोकलेलं असतं. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटनने दिलेल्या स्टार मेडलवर मात्र नाव नसायचंच, म्हणून कोरं दिसलं म्हणजे खोटं असं नाही. नाव घासून दुसरं कोरलेलं असेल तर कड एखाद्या ठिकाणी बारीक होते, पहिल्या महायुद्धातल्या या दोन मेडलांचा व्यास 36 मिलिमीटर असायला हवा, व्हर्नियरने दोन-तीन दिशांनी मोजा. नावावरून माणूस शोधायला जाल तर धीर धरा, ब्रिटनच्या पहिल्या महायुद्धातल्या सर्व्हिस रेकॉर्डचा मोठा भाग 1940 च्या बॉम्बहल्ल्यात जळला आणि अमेरिकेत 1973 मध्ये सेंट लुईसच्या आगीत दीड कोटीहून जास्त फायली गेल्या. रेकॉर्ड सापडत नाही म्हणजे माणूस खोटा नाही.

कपड्यांसाठी यूव्ही टॉर्च उपयोगी, धागा किंवा लेबल निळसर पांढरं झगझगीत चमकलं तर आधुनिक. मात्र खरा जुना युनिफॉर्म कुणी साध्या पावडरने धुतला असेल तरी चमकतो, म्हणून आतल्या शिवणीच्या घडीतला धागा तपासा. वेल्क्रो दिसलं तर पुढे तपासायचीच गरज नाही.

आणि गोष्टी. "हे अमुक जनरलचं", "हे अमुक लढाईतून आणलं". ऐका, आवडली तर हसा, पण कागद नसेल तर गोष्टीचे पैसे देऊ नका. मला विचाराल तर विकणाऱ्याकडे गोष्ट जितकी रंगलेली तितकी वस्तू मी जास्त वेळ बघतो.

कागदपत्रं आणि कायदा

घ्यायच्या आधी चेसिस नंबर आणि कागद जुळतात का, मालक खरंच मालक आहे का, वारसदार किती, चोरीची नोंद आहे का, हे बघितल्याशिवाय बयाणा नको. बंदूक, तोफ, रणगाडा यांच्याबाबतीत "आता चालत नाही हो" हे उत्तर कायद्यात पुरत नाही. जर्मनीत हायकेनडॉर्फला एका घराच्या तळघरात पँथर रणगाडा निघाला, 2015 मध्ये सैन्याने तो ओढून बाहेर काढला, आणि 2021 मध्ये मालकाला कोर्टाने शिक्षा सुनावली. जुन्या रणभूमीवर खणणं, बुडालेल्या जहाजा-विमानांतून काही काढणं बहुतेक देशांत बेकायदा आहे, तिथे माणसं पुरलेली असतात. काही सन्मानचिन्हं विकताच येत नाहीत, अमेरिकेत मेडल ऑफ ऑनर तसं आहे. नाझी चिन्हं उघड दाखवायला जर्मनी-ऑस्ट्रियात बंदी आहे.

गाडी जागी करताना

ओढताना दोरी बांधून दुसऱ्या गाडीमागे अजिबात नको, ब्रेक आहेत की नाहीत तेच माहीत नसतं. ट्रेलर आणि विंच. चाक जाम असेल तर ड्रमवर हलकेच ठोका, पान्याने तोडू नका. इंजिनला आधी स्टार्टर नाही! स्पार्क प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये पातळ तेल सोडा, काही दिवस विसरून जा, मग क्रँकच्या नटावर हाताने पुढे-मागे अगदी थोडं थोडं. अडलं की परत तेल. जोर लावला की पिस्टनची रिंग तुटते, वॉल्व्ह चिकटलेला असेल तर वाकतो. फिरलं तरी लगेच खुश होऊ नका. जुनं पेट्रोल गोंदासारखं होतं, ते सगळं काढा, टाकी धुवा, पण टाकीला वेल्डिंग करायला रिकामी म्हणून नेऊ नका, वाफेनेच उडते. कापडी आवरणाची वायरिंग हातात चुरा होत असेल तर बॅटरी जोडायचीच नाही. आणि जोडताना व्होल्ट बघा, युद्धातली जीप 6 व्होल्टची, नंतरची एम38 24 ची, जुन्या ब्रिटिश गाड्यांत तर बऱ्याचदा पॉझिटिव्ह अर्थ असतो, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं.

पाण्यातून किंवा चिखलातून निघालेलं लोखंड वेगळंच प्रकरण. एस्टोनियात 2000 साली तलावाच्या तळातून टी-34 रणगाडा वर काढला तेव्हा तो आश्चर्य वाटावं इतका चांगला होता, कारण तळातल्या गाळात ऑक्सिजन नव्हता. हवा लागली की अशा वस्तू झपाट्याने गंजतात, म्हणून लहान वस्तू पाण्यात बुडवूनच ठेवा आणि कॉन्झर्वेटरला, म्हणजे जुन्या वस्तू जपणाऱ्या तज्ज्ञाला विचारा.

बाकी जपायचं साधं आहे. चामड्याला तेल चोपडू नका, पट्टा भुगा व्हायला लागला असेल तर वाकवू नका, पांढऱ्या ॲसिड-फ्री कागदात सपाट ठेवा. मेडल कधीच घासू नका, रिबीन उन्हात नको. स्वस्त पीव्हीसीच्या पाकिटांत काही ठेवू नका, त्यातून सुटणाऱ्या वायूने धातू हिरवा पडतो. सागवानी-ओकची कपाटं दिसायला भारी, पण ओकमधून ॲसिडची वाफ येते आणि शिशाच्या वस्तू पांढऱ्या पडतात. गाडीला टायरवर महिनोन्महिने उभी ठेवण्यापेक्षा एक्सलखाली स्टँड द्या. आणि ॲम्ब्युलन्स म्हणून रंगवायचा विचार असेल तर थांबा, रेड क्रॉसचं चिन्ह संरक्षित आहे, बऱ्याच देशांत परवानगीशिवाय गाडीवर मारता येत नाही, शोमध्ये उभं राहायच्या आधी तिथल्या रेड क्रॉस संघटनेला विचारून घ्या.